सामायिक अभ्यासक्रमासाठी प्रशिक्षक-टिपणे कशी लिहावीत?

गिट (फाइलींतील बदलांची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर) आणि पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) यांचा एकच अभ्यासक्रम आपल्या गटातील प्रशिक्षक निरनिराळ्या महाविद्यालयांत शिकवतात, प्रत्येक धड्याला टिपणे जोडलेली आहेत, पण ती कोणी उघडूनही पाहत नाही, अशी आपली अडचण आहे. मी सोलापुरात अशा कार्यशाळा घेतो. माझ्या मते टिपणे न वाचली जाण्याचे मुख्य कारण हे की त्यांत बहुधा धड्यातलाच मजकूर थोडक्यात पुन्हा सांगितलेला असतो. धडा प्रशिक्षकासमोर असतोच. त्याला हवे असते ते वर्गात उभे राहिल्याखेरीज न कळणारे.

दोघांनी एकाच ओळीत केलेले वेगवेगळे बदल गिटला आपोआप एकत्र करता येत नाहीत, याला मर्ज कॉन्फ्लिक्ट म्हणतात. ‘मर्ज कॉन्फ्लिक्ट विद्यार्थ्यांना अवघड जातो’ या टिपणाने कोणाचेही काम होत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘जोडीने सराव करताना दोघांनी फाइलमधल्या दूरदूरच्या ओळी बदलल्या, तर गिट त्या आपोआप एकत्र करते आणि कॉन्फ्लिक्ट येतच नाही, म्हणून दोघांनी कोणती ओळ बदलायची ते फळ्यावर लिहून द्यावे. दुसऱ्याचा पुश (आपले बदल सामायिक साठ्यात पाठवणे) आधी नाकारला जाईल, ते अपेक्षितच आहे; पुल (तिथले बदल आपल्याकडे आणणे) केल्यानंतरच कॉन्फ्लिक्ट दिसेल.’ यात काय घडते, का घडते आणि त्यावर काय करावे, हे तिन्ही आले.

माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे टिपण म्हणजे चुकीच्या उत्तरामागचा विचार उलगडून दाखवणारे. पायथनमध्ये एका चलाच्या (व्हेरिएबलच्या) किमतीवरून दुसरे चल काढले आणि नंतर पहिल्याची किंमत बदलली, तर दुसरेही आपोआप बदलेल असे अनेकांना वाटते. एक्सेलमध्ये सूत्र तसेच वागत असल्यामुळे हा समज स्वाभाविक आहे. एक यादी दुसऱ्या नावाला दिली की तिची प्रत तयार होते, असा समजही असतो. सरावप्रश्नातील कोणता पर्याय कोणत्या गैरसमजामुळे निवडला जातो हे टिपणात असेल, तर नवा प्रशिक्षक केवळ ‘चूक’ म्हणून पुढे जाणार नाही. तो नेमका तोच गैरसमज दूर करील. हे काम वेळखाऊ आहे, पण त्याला पर्याय नाही.

तांत्रिक अडचणी मात्र त्रोटक लिहाव्यात आणि पडद्यावर येणारा संदेश जसाच्या तसा द्यावा, म्हणजे शोधताना तो सापडतो. कमिट (बदलांची नोंद) करताना वर्णनाचा संदेश दिला नाही, तर विम हा मजकूर-संपादक उघडतो आणि त्यातून बाहेर कसे पडावे हे न कळून विद्यार्थी अडकून बसतो. विंडोजमध्ये डेस्कटॉपचे फोल्डर कधीकधी वनड्राइव्ह या ऑनलाइन साठवणीच्या फोल्डरच्या आत असते, म्हणून नेहमीच्या जागी सापडत नाही. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) पासवर्ड टाइप करताना काहीच उमटत नाही, तेव्हा कीबोर्ड बिघडला असे वाटते. १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहब (गिटचे प्रकल्प ऑनलाइन ठेवण्याचे संकेतस्थळ) गिटच्या कामांसाठी खात्याचा पासवर्ड स्वीकारत नाही, त्याऐवजी टोकन (गिटहबवरून मिळणारी सांकेतिक अक्षरमाला) किंवा एसएसएच की (एसएसएच या सुरक्षित जोडणीसाठी आपल्या संगणकात ठेवलेली किल्ली) लागते. त्याआधीची टिपणे तशीच राहिली असतील, तर ती वर्गाचा वेळ वाया घालवतील. म्हणून प्रत्येक तांत्रिक टिपणाखाली तारीख आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहावी.

आपला अभ्यासक्रम सामायिक असल्यामुळे स्थानिक अनुभव लिहिताना गावाचे नाव नव्हे, परिस्थिती सांगावी. ‘सोलापुरात एसएसएच चालत नाही’ हे नाशिकच्या प्रशिक्षकाला निरुपयोगी आहे; ‘महाविद्यालयाच्या नेटवर्कवर पोर्ट २२ (एसएसएचचा नेहमीचा मार्ग) बंद असल्यास गिटहबचे एसएसएच पोर्ट ४४३ वरून वापरता येते, आदल्या दिवशी तपासून घ्यावे’ हे कोठेही उपयोगी पडेल. आमच्याकडे एकाच वर्गात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी मुले असतात, आणि पायथनचा लांबलचक इंग्रजी त्रुटीसंदेश पाहून त्यांतील बरीच जण बिचकतात. तेव्हा सर्वांत शेवटची ओळ आधी वाचायला लावावी, मग फाइल व ओळीचा क्रमांक शोधायला सांगावा. हे टिपण बहुभाषिक वर्गातून निघाले असले तरी कोणत्याही नवशिक्याला लागू पडते.

वेळेबद्दलही लिहावे: कोणता सराव ठरलेल्या वेळेत उरकत नाही, आणि उशीर झालाच तर कोणता भाग गाळला तरी पुढचे अडत नाही. हे दुसरे फार क्वचित लिहिलेले आढळते.

संशोधकांना संगणकीय कौशल्ये शिकवणाऱ्या सॉफ्टवेअर कार्पेन्ट्री या उपक्रमाचे धडे पाहावेत. त्यांत प्रशिक्षकांसाठीचा मजकूर वेगळ्या दृश्यात, पण त्या त्या सरावाशेजारीच ठेवण्याची सोय आहे. अशी टिपणे वर्गात शिकवता शिकवता नजरेस पडतात, सगळी एका वेगळ्या लांब पानावर असली की पडत नाहीत. मात्र हा मजकूर विद्यार्थीही पाहू शकतात, म्हणून कोणत्याही वर्गाला किंवा व्यक्तीला कमी लेखणारे वाक्य त्यात नसावे.

लिहिण्याची वेळ वर्ग संपल्याच्याच दिवशी ठेवावी आणि मदतनिसांनाही विचारावे, कारण कोण कोठे अडखळले हे फळ्याजवळून दिसत नाही, बाकांमधून फिरणाऱ्याला दिसते. एकाच जागेबद्दल निरनिराळ्या प्रशिक्षकांची टिपणे जमू लागली, तर दोष धड्याच्या मजकुरात आहे असे समजून धडाच दुरुस्त करावा आणि ती टिपणे काढून टाकावीत.