पाल्हाळ म्हणजे विषयांतर नव्हे

पुण्यातल्या एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तिच्या निबंधावर ‘लेखन पाल्हाळीक’ असा शेरा आला. मैत्रीण म्हणाली, म्हणजे तू विषय सोडून लिहिलंस. पण विषय तर कुठे सोडला नव्हता. मग शेरा चुकला का?

शेरा बरोबर असू शकतो. मैत्रिणीनं लावलेला अर्थ मात्र बरोबर नाही. पाल्हाळ लावणारा माणूस विषयातच असतो, त्याला फक्त काही गाळता येत नाही. ‘दूध आणलंस का?’ असं विचारल्यावर ‘निघालो तेव्हा साडेसहा झाले होते, आधी कोपऱ्यावर गेलो, तिथं पिशव्या संपलेल्या, मग म्हटलं पुढच्या चौकात बघू, तर सिग्नल लागला’ असं उत्तर आलं, तर तो पाल्हाळ. दुधाचंच चाललंय, पण आणलं की नाही ते कळत नाही. तोच माणूस ‘दुकानात जोशीकाका भेटले, त्यांच्या मुलीचं ठरलं, मुलगा नाशिकचा आहे’ असं सांगू लागला, की ते विषयांतर. दूध मागेच राहिलं.

या घरातले बाकीचे शब्दही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. चऱ्हाट म्हणजे जाडा दोर. वळत बसलं की लांबतच जातो. म्हणून एकच तक्रार तासभर चालली, तर ते चऱ्हाट. पाल्हाळाला रुंदी असते, चऱ्हाटाला नुसती लांबी. गुऱ्हाळाला तर माणसं लागतात. उसाचा रस काढून तो आटवायचा, हे एकट्याचं काम नाही आणि झटपट होणारंही नाही. म्हणून ‘चर्चेचं गुऱ्हाळ’ बैठकीत चालतं, एकट्याच्या निबंधात नाही. सुरुवातच लांबली तर ‘नमनाला घडाभर तेल’. फापटपसारा बोलण्यात असतो तसा कपाटातही.

मला खटकतं ते हे, की हल्ली लांब मजकूर दिसला की त्याला सरसकट पाल्हाळीक म्हणतात. गीतेचे श्लोक 700, ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे 9 हजार. एकेका कल्पनेला दृष्टान्तांमागून दृष्टान्त येतात, पण प्रत्येक दृष्टान्त अर्थ थोडा पुढे नेतो. शिवाय कुठं थांबायचं ते माउलींना नेमकं कळतं. ‘हें असो’ म्हणून ते मूळ धाग्यावर येतात. आपण बोलताना ‘असो’ म्हणून आवरतं घेतो, ते वळण इतकं जुनं आहे. नारदीय कीर्तनातही तेच. सदाशिव पेठेत नारद मंदिरात जाऊन ऐका: पूर्वरंगात अभंगाचं निरूपण, उत्तररंगात आख्यान, आणि शेवटी बुवा परत त्याच अभंगावर येतात. तासभर ऐकूनही त्याला कुणी पाल्हाळ म्हणत नाही, कारण आख्यान त्या अभंगासाठीच आलेलं असतं. अशा विस्ताराला ‘सविस्तर’ किंवा ‘ऐसपैस’ म्हणावं. पाल्हाळ हा दोष दाखवणारा शब्द आहे, तो तेवढ्यापुरताच ठेवावा.

तेव्हा निबंध काढून एकेक वाक्य झाकून वाचावं. झाकल्यावर काहीच अडत नसेल तर तो पाल्हाळ, आणि शेरा योग्य. झाकलेला परिच्छेद स्वतंत्र निबंध म्हणून उभा राहत असेल, तर मात्र मैत्रीण म्हणते ते खरं.

हा शब्द लिहायचा कसा, हेही तिनं विचारलं आहे. पाल्हाळ हा तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द नाही, म्हणून मराठीच्या नियमानं उपान्त्य, म्हणजे शेवटच्या अक्षराआधीची ई दीर्घ: पाल्हाळीक, जसं ठरावीक. ऱ्हस्व ‘पाल्हाळिक’ छापलेलं पुष्कळ दिसतं, ते सामाजिक, धार्मिक या संस्कृत शब्दांच्या ओघात आलं असावं. आणि क्रियापद ‘लावणे’: पाल्हाळ लावतात, चऱ्हाट वळतात, गुऱ्हाळ घालतात.