बागेसाठी काय मागावे, कुठे मागावे: वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

सार्वजनिक बागांविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. बाग बांधायला पैसे मिळतात, पण ती सांभाळायला मिळत नाहीत, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे.

बागेतली घसरगुंडी फुटली आहे, दोन झोपाळ्यांच्या साखळ्या निघाल्या आहेत. ‘पुढच्या अंदाजपत्रकात बघू’ असे सांगतात. नागरिक सहभागाच्या योजनेत अर्ज करावा का? (कोथरूड, पुणे)

या कामासाठी नको. मोडलेले दुरुस्त करणे हा देखभालीचा खर्च आहे आणि तो चालू वर्षाच्या तरतुदीतूनच व्हायला हवा. आधी ते झोपाळे बंद करायला लावा, मुले थांबत नाहीत. मग उद्यान विभागाला लेखी विचारा की खेळणी कोणत्या वर्षी बसवली आणि ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातल्या दोषांची जबाबदारी त्याच्यावर असण्याची मुदत, संपला आहे का. संपला नसेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते, महापालिकेने त्यासाठी पुन्हा पैसे मोजायचे कारणच नाही. उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून कार्यादेशाची (ठेकेदाराला काम दिल्याच्या आदेशाची) आणि करारनाम्यातल्या देखभालीच्या अटींची प्रत मागा. ३० दिवसांत माहिती देणे बंधनकारक आहे. तोंडी तक्रारींनी जे होत नाही, ते या एका कागदाने पुष्कळदा होते.

तुम्ही म्हणता ती योजना, म्हणजे नागरिकांनी कामे सुचवायची सहभागी अंदाजपत्रकाची योजना, पुणे महापालिकेत २००६-०७ पासून आहे. ती नव्या, छोट्या कामांसाठी राखून ठेवा: बाके, दिवे, पिण्याच्या पाण्याची सोय, व्हीलचेअर जाईल असा उतार. एका कामाला पाच लाखांपर्यंतची मर्यादा राहत आली आहे आणि जागा महापालिकेच्या मालकीची लागते. अर्ज साधारणपणे पावसाळा सरत असताना मागवतात, म्हणून जुलैपासूनच क्षेत्रीय कार्यालयात चौकशी ठेवा. अर्जात ‘बागेचे सुशोभीकरण करावे’ असे कधीही लिहू नका. ‘पूर्वेच्या फाटकाशी तीन पायऱ्या आहेत, तिथे कठड्यासह उतार करावा’ असे लिहा आणि फोटो जोडा. कनिष्ठ अभियंत्याला जागेवर येऊन पूर्वगणनपत्रक (खर्चाचा अंदाज) करायचे असते आणि मोघम मागणीचे ते होत नाही.

आमच्या बागेत संगीत कारंजे मंजूर झाले आहे. विरोध करावा का? (नाशिक)

विरोधाआधी तीन प्रश्न विचारा. वीजबिल कोण भरणार, पंप बिघडल्यावर कोण येणार आणि एप्रिल-मेमध्ये पाणी कुठून आणणार? पाच वर्षांच्या देखभालीचा करार निविदेतच असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर दोन वर्षांत तिथे कोरडी टाकी आणि डास उरण्याची शक्यता मोठी.

अडचण अशी की आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधी टिकाऊ मालमत्ता उभारण्यासाठी असतो, माळ्याच्या पगाराला तो चालत नाही. म्हणून ओपन जिम, कमानी, कारंजी वाढत जातात आणि झाडांना पाणी घालणारा माणूस मात्र एकच राहतो. त्याच निधीत चालेल असे काहीतरी सुचवा: पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याची सोय, ठिबक, प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याची वाहिनी. आणि हिरवळीपेक्षा झाडांचा आग्रह धरा. हिरवळीला उन्हाळाभर पाणी लागत राहते. करंज, कडुनिंब, ताम्हण, बकुळ यांना पहिली दोन-तीन वर्षे जपले की पुढे पिढ्यान्पिढ्या सावली मिळते.

एक कंपनी आमचे उद्यान दत्तक घ्यायला तयार आहे. संमती द्यावी का? (मुंबई)

पैसा नाकारू नका, पण ताबा देऊ नका. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि पर्यावरणाची कामे त्यात बसतात. तेव्हा कंपनी उपकार करत नाही आणि आपणही भीक मागत नाही, अशा बरोबरीच्या नात्याने बोला.

मुंबईला याचा अनुभव आहे. दत्तक वा देखभालीसाठी दिलेल्या काही मोकळ्या जागांवर क्लब उभे राहिले आणि सामान्य माणसाला आत जाणे अवघड झाले. जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेने नवे दत्तक धोरण मंजूर केले, तेव्हा नागरिकांच्या विरोधानंतर मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली आणि आधी दिलेले भूखंड परत घ्यायला सुरुवात झाली. तुमच्या करारात म्हणून हे असलेच पाहिजे: प्रवेश सर्वांना आणि मोफत, वेळा महापालिका ठरवणार, पक्के बांधकाम नाही, फलकाचा आकार ठरलेला, मुदत थोडी आणि अटी मोडल्यास करार रद्द. शिवाय कराराची प्रत बागेच्या फाटकावर लावायला सांगा. जी कंपनी याला नकार देईल तिच्याशी पुढे बोलूच नका.

आमची छोटी नगरपालिका आहे, बागेला पैसाच नाही म्हणतात. (सातारा जिल्हा)

नगरोत्थान अभियान (शहरांच्या सोयींसाठीची राज्य सरकारची योजना) आणि जिल्हा नियोजन समितीचा निधी, या दोन ठिकाणी प्रस्ताव गेला होता का ते मुख्याधिकाऱ्यांना विचारा. आणि मालमत्ता कराच्या बिलावर वृक्षकर आहे का पाहा. असेल तर तो कुठे खर्च झाला, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

विकास आराखड्यात उद्यानाचे आरक्षण आहे, पण जागा १२ वर्षे तशीच पडून आहे. आरक्षण उठेल का? (पिंपरी-चिंचवड)

उठू शकते, म्हणून हे पत्र मला सर्वात महत्त्वाचे वाटले. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम १२७ नुसार आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक ‘जागा विकत घ्या’ अशी खरेदीची सूचना देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत जागा घेतली नाही किंवा संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण संपते. ‘निधी नाही’ हे उत्तर इथे पुरेसे नाही, कारण रोख मोबदल्याऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देऊनही जागा घेता येते.

मात्र तो भूखंड महापालिकेच्या ताब्यात आधीच असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. बंगळूरमधील उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रद्द ठरवला होता. उद्याच सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढून मालक कोण ते पाहा. खासगी मालक असेल तर त्याने कलम १२७ ची सूचना दिली आहे का आणि कोणत्या तारखेला, एवढे नगररचना विभागाला लेखी विचारा. २४ महिने त्या तारखेपासून मोजायचे.