बरेच महिने घरातच राहावं लागणार असेल, तर शरीर आणि मन ठणठणीत कसं ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की पुढचे काही महिने घराबाहेर पडता येणार नाही, कामही घरूनच आहे आणि आतापासूनच मरगळ जाणवतेय. वडील अंथरुणाला खिळल्यापासून मीही बहुतेक वेळ घरातच असते, त्यामुळे मला ज्याचा खरोखर उपयोग झाला तेवढंच सांगते.

व्यायामाच्याही आधी उठायची वेळ पक्की करा. झोपायची नव्हे, उठायची. झोप कधी लागेल हे आपल्या हातात नसतं, उठणं असतं. कुठे जायचं नसलं की उठणं आज अर्धा तास, उद्या तासभर पुढे सरकतं. मग भूक अवेळी लागते, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही आणि दिवसभर उगाच चिडचिड होते. आपल्याला वाटतं मनच बिघडलंय, पण पुष्कळदा आधी बिघडलेलं असतं ते शरीराचं घड्याळ.

हे घड्याळ जागेवर ठेवतो तो मुख्यतः सकाळचा उजेड. घरातल्या दिव्यांचा प्रकाश साधारण १०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो आणि ढगाळ दिवशीसुद्धा उघड्यावर तो हजारो लक्स भरतो. डोळे जुळवून घेतात, म्हणून हा फरक आपल्याला जाणवत नाही. तेव्हा उठल्यावर अर्धा तास गच्चीत, गॅलरीत, नाहीतर उघड्या खिडकीपाशी काढा. खिडकी उघडीच हवी, कारण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण काचेतून जवळजवळ येतच नाहीत. महिनोन्‌महिने अंगावर ऊन पडणार नसेल तर डॉक्टरांना विचारून ड जीवनसत्त्व तपासून घ्या, मनाने जास्त डोसच्या गोळ्या सुरू करू नका.

आता व्यायाम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते. १५० म्हणजे रोजची वीस-बावीस मिनिटं, ती दोन-तीन तुकड्यांत केली तरी चालतात. पण घरात खरा घात करतं ते सलग बसणं. पोटऱ्यांचे स्नायू आवळले की पायातलं रक्त वर ढकललं जातं. तासन्‌तास बसलं की ते काम मंदावतं, पाय जड होतात, सुजतात. मी दर तासाला एक साधी गोष्ट करते. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीच्या कडेशी बसायचं, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, हात छातीवर, आणि हातांचा आधार न घेता उभं राहायचं. मग सावकाश खाली बसायचं, धपकन नाही, कारण मांड्यांना उतरतानाही काम पडतं. असं दहा वेळा. त्यानंतर भिंतीला हात लावून टाचा उचलायच्या. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करा. हालचाल बंद पडली की सगळ्यात लवकर झिजतात ते पायांचेच स्नायू, म्हणून वेळ कमी असेल तर बाकी सोडा, हे सोडू नका.

पलंगावर बसून काम करत असाल तर ते आजच थांबवा. जागा कितीही लहान असो, कामाचा कोपरा वेगळा हवा.

मनाचं म्हणाल तर उत्साह यायची वाट बघू नका. नैराश्याच्या उपचारातसुद्धा आधी छोटी कृती करायला लावतात, बरं वाटणं मागून येतं. अंघोळ करून कपडे बदलणं, एक कपाट आवरणं, एवढंही चालतं. आणि रोज ठरल्या वेळी एका माणसाशी आवाजात बोला. मेसेजवर ‘मी बरा आहे’ असं सहज खपून जातं, आवाजात लपत नाही. घरातलीच माणसं एकमेकांवर करवादायला लागली असतील, तर प्रत्येकाला दिवसातून थोडा वेळ एकटं बसू द्या, त्याने फार फरक पडतो.

एवढं करूनही दोन आठवडे सलग उदास वाटत असेल, कशातच रस उरला नसेल, तर ‘घरात बसून कंटाळलोय’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांशी बोला. जीव नकोसा वाटला तर त्याच दिवशी, त्याच तासाला कुणाला तरी सांगा. पुष्कळ मानसोपचारतज्ज्ञ फोनवर किंवा व्हिडिओवरही तपासतात, त्यासाठी घराबाहेर पडावंच लागतं असं नाही.