शिबिराची वही मुलीलाच लिहू द्या

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे एमपीएससी करायचं आम्ही ठरवलं आहे. तिच्या एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) सात दिवसांचं निवासी शिबिर नेमकं क्लासच्या टेस्ट सिरीजच्या आठवड्यात आलंय. तिला जायचंय. प्रमाणपत्र आम्हालाही हवंय, मुलाखतीत त्याचे गुण मिळतात. गेल्या वर्षी तिच्या एनएसएसच्या कामाच्या नोंदवहीत मीच लिहून दिलं होतं. शिबिरातून सूट मिळावी म्हणून सरांशी कसं बोलावं? – एक पालक, सांगली

उत्तर : 'नोंदवहीत मीच लिहून दिलं होतं' हे तुमचं वाक्य मी तीनदा वाचलं. टेस्ट सिरीजचं नंतर बघू, मला काळजी या वाक्याची वाटते. त्यात काही वावगं आहे असं तुमच्या मनातही आलेलं दिसत नाही. मुलीचा वेळ वाचावा, हाच हेतू असणार. पण त्या नोंदींतलं किती काम तिने केलं होतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. उद्या तिला अधिकारी व्हायचंय. जागेवर न जाता तयार केलेला पंचनामा कुणी सहीसाठी पुढे केला, तर ती 'नाही' म्हणेल अशी तुमची खात्री असेल. ते 'नाही' तिने कुठे शिकायचं? घरात तर ती उलटंच बघते आहे.

आणखी एक. करिअर 'आम्ही' ठरवलं, प्रमाणपत्र 'आम्हाला' हवं. अख्ख्या पत्रात मुलीचे दोनच शब्द आहेत : 'तिला जायचंय.'

आता गुणांचं. एमपीएससीच्या पूर्व परीक्षेत, मुख्य परीक्षेत किंवा मुलाखतीत एनएसएसच्या प्रमाणपत्राला वेगळे गुण नाहीत. काही विद्यापीठं पदवीच्या परीक्षेत सवलतीचे गुण देतात, त्यावरून हा समज पसरला असावा. मुलाखतीत फार तर दत्तक गावाबद्दल, म्हणजे कॉलेजने एनएसएसच्या कामासाठी निवडलेल्या गावाबद्दल, विचारतील, 'तिथे काय केलंत?' शिबिराला न गेलेल्या मुलीकडे त्यावर उत्तर नसेल, आणि समोरची माणसं अनुभवी असतात. शिवाय दोन वर्षांत 240 तास काम आणि एक निवासी शिबिर, एवढं झाल्यावरच ते प्रमाणपत्र मिळतं. 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 37 विद्यापीठांतल्या चाळीस हजार विद्यार्थ्यांना घेऊन ही योजना सुरू झाली. शिकणाऱ्या मुलांनी गाव डोळ्यांनी बघावं, म्हणून. सूट मागणं म्हणजे योजनेचा गाभाच काढून टाकणं.

सात दिवसांत काय शिकणार, असं तुम्हाला वाटत असेल. माझ्याकडे येणारा एक मुलगा शिबिरात घरोघरी पाण्याचं सर्वेक्षण करत होता. एका आजींनी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी तो फॉर्म न घेता गेला, ओट्यावर बसला, गप्पा मारल्या. तिसऱ्या दिवशी आजींनीच शेजारच्या चार बायकांना बोलावून माहिती दिली. तो मुलगा स्टेजवर आजही अडखळतो. पण मी त्याला नेतृत्व म्हणते. माइक हातात घेण्याच्या कोर्सवर पालक हजारो रुपये घालतात आणि हे फुकट मिळणारं शिक्षण नाकारतात, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

तेव्हा सरांशी बोलूच नका. तिला जाऊ द्या. टेस्ट सिरीजचे पेपर नंतर घरी वेळ लावून सोडवता येतात. शिबिराच्या गावात ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक तिने मागून वाचावं. आपल्याकडे वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि त्याआधी महिलांची वेगळी सभा. ती खरंच भरते का, बायका तिथे काय बोलतात, हे तिने गावातल्या बायकांनाच विचारावं. पंचायत राज ती पुस्तकात वाचेलच, पण मग ते पाठ करावं लागणार नाही. आणि तिचं नाव मतदार यादीत आहे का? नसेल आणि अठरा पूर्ण झाली असतील तर नावनोंदणीचा नमुना 6 भरायला सांगा. भरायचा तिने, तुम्ही नाही.

परत आल्यावर लगेच अभ्यासाचं काढू नका. कदाचित ती म्हणेल, मला एमपीएससी नको, समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. करायचंय. कदाचित एमपीएससीच हवी म्हणेल, पण मग ती तिची असेल. दोन्ही ऐकायची तयारी ठेवा, आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या.

गेल्या वर्षीच्या वहीबद्दल तिच्याशी एकदा बोला. 'ते माझं चुकलं' एवढं म्हणालात तरी पुरे. यंदाची वही कोरीच तिच्या बॅगेत ठेवा.