११.२ च्या मागचं रिकामं कोठार

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

दोन जिने चढल्यावर धाप लागते, छातीत धडधडतं, एकच पान तीनदा वाचावं लागतं. याला तू आळस म्हणतेस. तो शब्द आधी खोडून टाक. पेशींपर्यंत ऑक्सिजन पोचवायला हिमोग्लोबिन अपुरं पडलं की हृदयाला ठोके वाढवून ती तूट भरावी लागते. म्हणजे नुसतं वर्गात पोचायलाही तुझं शरीर इतरांपेक्षा जास्त राबतंय.

प्रौढ, गर्भवती नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १०० मिलिलिटर रक्तात १२ ग्रॅमच्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया धरतात; पुरुषांत ही रेषा १३ ची. तुझं ११.२ 'सौम्य' गटात येतं, पण त्या शब्दावर विसंबू नकोस. हिमोग्लोबिन उतरतं ते सगळ्यात शेवटी. त्याआधी लोहाचं कोठार रिकामं होतं आणि ते कळतं फेरिटिनवरून (लोह साठवणारं प्रथिन), जी तपासणी तू केलेलीच नाहीस. फेरिटिन १५ च्या खाली (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) असेल तर कोठार संपलं समज. बरेच डॉक्टर ३० च्या खालीच उपचार सुरू करतात. ताप किंवा संसर्ग असताना हा आकडा फसवा वाढतो, म्हणून बरी असताना रक्त दे. हिमोग्लोबिन १२.५ असूनही गळून जाणारी कुणी मैत्रीण असेल, तर तिलाही हेच सांग.

आता रिपोर्ट पुन्हा उघड. एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, ७२ आहे, म्हणजे लाल पेशी लहान आहेत (८० च्या खाली लहान धरतात). त्याची मुख्य कारणं दोन: लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचं वाहकपण. वाहकाच्या पेशी लहान असल्या तरी त्यांची संख्या एका मायक्रोलिटर रक्तात बहुधा ५० लाखांच्या वर असते. तुझी ४६ लाख आहे आणि आरडीडब्ल्यू १७, म्हणजे पेशी लहानमोठ्या आकारांच्या. पारडं लोहाकडे झुकतंय. तरी फेरिटिन चांगलं निघालं तर लोह घेत बसू नकोस, हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी करून घे.

लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच सुरू कर, पण घ्यायची कशी ते नीट समजून घे. फेरस फ्युमरेटच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळीत प्रत्यक्ष लोह सुमारे ६५ मिलिग्रॅम असतं. दोन घेतल्या म्हणून दुप्पट भरत नाही. एका मात्रेनंतर यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि साधारण दिवसभर आतड्याचं दार अर्धवट लावून ठेवतं. म्हणूनच आता अनेकदा दिवसाआड एक गोळी देतात. पोटालाही ते सोसतं. रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर घे. चहा, कॉफी, दूध, कॅल्शियम आणि अ‍ॅसिडिटीची औषधं दोन तास लांब ठेव. सकाळची गोळी वाया जाते ती बहुतेक वेळा चहानेच. शौचाला काळं होईल, घाबरू नकोस. मात्र डांबरासारखं चिकट आणि दुर्गंधी असेल तर लगेच दाखव.

चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा मोज. एक-दोन ग्रॅमची वाढ दिसायला हवी. नाही दिसली तर गोळ्या चुकल्या, शोषल्या गेल्या नाहीत, निदान चुकलं किंवा रक्त अजून जातंय, यांतलं काहीतरी असणार. आकडा १२ च्या वर गेला की तरतरी येते आणि नेमकी तिथेच बहुतेक मुली गोळ्या सोडतात. कोठार तेव्हाही रिकामंच असतं; त्यानंतर आणखी तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. जेवणात डाळी, कडधान्यं, हिरव्या पालेभाज्या आणि त्यांच्या जोडीला काहीतरी आंबट असू दे, पण गळकं कोठार नुसत्या ताटातून भरत नाही.

गळती कुठे आहे ते शोधणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पाळी सात दिवसांहून जास्त चालते का, दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं का, मोठ्या गाठी पडतात का? याची तीन महिन्यांची नोंद लिहून डॉक्टरांकडे ने. आणि बसल्या जागी धाप लागली, चक्कर येऊन पडलीस किंवा छातीत दुखलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी जा.

तुझं बरं चिंतणारी,
मार्गदर्शक