स्कायडायव्हिंग आणि बेस जंपिंग करणाऱ्यांना मरणाची भीती खरोखरच वाटत नाही का?

आपण लिहिले आहे की आपल्या धाकट्या भावाने स्कायडायव्हिंगचा परवाना मिळवला आहे, पुढे बेस जंपिंगही करायचे असे तो म्हणू लागला आहे, आणि या लोकांना मरणाची भीतीच नसते की त्यांना थराराचे व्यसन लागलेले असते हे आपल्याला समजून घ्यायचे आहे. मी बरीच वर्षे स्कायडायव्हिंग करतो. बेस जंपिंग मी केलेले नाही आणि करणारही नाही, पण ते करणारे काही जण माझ्या जवळच्या परिचयाचे आहेत. भीती वाटते, हे पहिले उत्तर. जिला ती वाटत नाही अशा व्यक्तीबरोबर विमानातून बाहेर पडायला आमच्यातले कुणीही राजी नसते. मात्र आपली शंका अडाणीपणाची आहे असे मी म्हणणार नाही, कारण अशा प्रश्नांना आम्ही जी ठरलेली उत्तरे देतो, त्यांतली काही तपासून पाहिली तर टिकत नाहीत.

बाहेरून पाहणाऱ्याला हे दोन्ही खेळ एकच वाटतात, आणि बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात. स्कायडायव्हिंगमध्ये माणूस साधारण १३,००० फुटांवर विमानातून बाहेर पडतो, ताशी सुमारे १९० ते २०० किलोमीटर वेगाने जवळजवळ एक मिनिट खाली येतो आणि मग पॅराशूट उघडतो. ते नीट उघडले नाही तर ते तोडून टाकून राखीव पॅराशूट उघडायला त्याच्याकडे उंची आणि वेळ असतो. तो बेशुद्ध पडला किंवा गोंधळला, तर १९९१ सालापासून वापरात असलेल्या सायप्रससारखे यंत्र जमिनीपासून सुमारे ७५० फुटांवर राखीव पॅराशूट आपणहून मोकळे करते. बेस जंपिंगमध्ये इमारत, मनोरा, पूल किंवा कडा अशा स्थिर जागेवरून उडी मारली जाते. तिथे सहसा एकच पॅराशूट असते. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात ट्विन फॉल्स येथे पेरीन पूल आहे, जिथे वर्षभर परवान्याशिवाय उडी मारता येते. त्याची उंची ४८६ फूट आहे. म्हणजे स्कायडायव्हिंगमध्ये शेवटचा उपाय ज्या उंचीवर सुरू होतो, त्याच्या कितीतरी खाली इथे बेस जंपरची उडी सुरू होते. त्यातच कड्यावरून मारलेल्या उडीत पॅराशूट चुकीच्या दिशेला तोंड करून उघडले, तर ते माणसाला थेट खडकाकडे घेऊन जाते, आणि विमानातून उडी मारणाऱ्याला केवळ किरकोळ वाटणारी ती गोष्ट इथे प्राणघातक ठरते.

आता आकडे पाहू. युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशनच्या नोंदींनुसार २०२३ साली अमेरिकेत सुमारे ३६ लाख ५० हजार उड्या झाल्या आणि १० माणसे मरण पावली, म्हणजे ३ लाख ६५ हजार उड्यांमागे एक. नॉर्वेतील क्येराग या कड्यावर १९९५ ते २००५ या काळात झालेल्या २०,८५० बेस उड्यांचा अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात ९ मृत्यू झाले, म्हणजे सुमारे २,३१७ उड्यांमागे एक. देश वेगळे, काळ वेगळा, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही, तरीही दीडशे पटींहून अधिक असलेला फरक अशा सबबींनी मिटत नाही. आपला भाऊ आज जे करतो आहे आणि उद्या जे करू म्हणतो आहे, त्यांत एवढे अंतर आहे.

आणि तरीही स्कायडायव्हर मंडळींच्या तोंडी असलेले एक वाक्य मला आवडत नाही: ‘उडीपेक्षा विमानतळापर्यंत गाडीने जाणे अधिक धोक्याचे असते.’ हे खरे नाही. अमेरिकेत २०२३ साली रस्त्यावर १० कोटी मैलांमागे सुमारे १.२६ मृत्यू झाले. त्या हिशेबाने एका उडीचा धोका साधारण ३५० किलोमीटर गाडी चालवण्याइतका येतो, आणि एवढ्या लांबून रोज कुणी विमानतळावर येत नाही. शिवाय मोकळे आभाळ मिळाले की एका दिवसात चार-पाच उड्या सहज होतात. धोका कमी आहे हे मान्य, पण तो नाहीच असे भासवणे म्हणजे घरच्यांची समजूत काढण्यासाठी वापरलेली पळवाट आहे.

थराराचे व्यसन या कल्पनेबद्दल सांगायचे तर, उडी मारणाऱ्यांचा दिवस प्रत्यक्षात कसा जातो हे पाहिले की ती कल्पना बरीचशी गळून पडते. दिवसाचा मोठा भाग पॅराशूट घडी घालण्यात, दोऱ्या तपासण्यात, वाऱ्याची वाट पाहण्यात आणि एकमेकांच्या पाठीवरच्या, पॅराशूटची पिशवी बंद ठेवणाऱ्या पिना पुन्हा पुन्हा पाहण्यात जातो. राखीव पॅराशूट स्वतः घडी घालण्याची मुभा सामान्य उडी मारणाऱ्याला नसते. ते परवानाधारक रिगरच, म्हणजे पॅराशूटची घडी आणि देखभाल करणारा तंत्रज्ञच, घडी घालतो आणि अमेरिकेत ते दर १८० दिवसांनी पुन्हा उघडून तपासावे लागते. तिथे पहिल्या परवान्याला किमान २५ उड्या लागतात, सर्वांत वरच्या परवान्याला ५००, आणि हेल्मेटवर कॅमेरा लावायचा असेल तर २०० उड्या होईपर्यंत थांबण्याची शिफारस आहे, कारण कॅमेऱ्यामुळे माणसाचे लक्ष उंचीवरून उडते हे अनुभवाने कळले आहे. आमच्यात कुणाचा खरा मान वाढतो, तर विमान वर गेल्यावर दारातून खाली पाहून ‘आज नको’ म्हणणाऱ्याचा. ढग दाटून आल्यामुळे सबंध विमान भरून माणसे न उडी मारता परत उतरल्याचे मी पाहिले आहे. उतरताना कुणीही कुणाला हिणवले नाही, चिडचिड मात्र सगळ्यांचीच झाली होती.

समाजशास्त्रज्ञ स्टीफन लिंग स्वतः उडी मारणारे होते आणि उडी मारणाऱ्यांना वर नेणारी विमानेही त्यांनी चालवली होती. १९९० साली त्यांनी मांडलेले निरीक्षण मला पटते: माणसे जीवन-मरणाच्या सीमेवर जातात ती धोक्यासाठी नव्हे, तर जिथे सगळे हातातून निसटू शकते तिथे स्वतःच्या कौशल्याने ते आवरून धरण्याच्या अनुभवासाठी. मात्र याच निरीक्षणाची दुसरी बाजू अशी की आपल्याच हाती सगळे आहे असा विश्वास अशा माणसांत वाजवीपेक्षा जास्त असतो. बाहेरचे लोक आम्हाला बेदरकार म्हणतात, पण आमचा खरा दोष हा फाजील विश्वास आहे, असे माझे मत आहे.

कुणी मरण पावले की हा दोष स्पष्ट दिसतो. बेस जंपिंग करणाऱ्यांनी आपल्यातल्या मृत्यूंची एक यादी १९८१ पासूनच्या घटना धरून ठेवली आहे. प्रत्येक नोंदीत जागा, साधने, उडीचा प्रकार आणि काय चुकले असावे याचे वर्णन असते. बाहेरच्या माणसाला हे निर्दय वाटते. मला ते या संस्कृतीतले सर्वांत प्रामाणिक काम वाटते. पण ती यादी वाचताना आम्ही काय करतो? ‘त्याने घाई केली’, ‘ते पॅराशूट तिथे योग्य नव्हते’, ‘वारा पाहून मी उडी मारली नसती’ असे म्हणत प्रत्येक मृत्यूपासून स्वतःला वेगळे काढत जातो. बिघडलेले पॅराशूट झटकन तोडून टाकता यावे यासाठीची तीन रिंगांची यंत्रणा घडवणारे बिल बूथ यांचा एक जुना नियम सर्वांना पाठ असतो: साधने जसजशी सुरक्षित होतात, तसतसे लोक जास्त धोके पत्करतात आणि मृत्यूचे प्रमाण तिथल्या तिथे राहते. आकड्यांनी हा नियम तंतोतंत खरा ठरलेला नाही, कारण १९७०च्या दशकात अमेरिकेत वर्षाला ४० हून अधिक स्कायडायव्हर मरत असत आणि आज तो आकडा १०च्या आसपास आहे. पण लहान, वेगवान पॅराशूट व्यवस्थित उघडलेले असताना जमिनीजवळ तीव्र वळण घेऊन मरणारे लोक पाहिले की बूथ यांचा रोख कळतो. ‘आवडते काम करताना गेला’ हे सांत्वनाचे वाक्य मी स्वतः वापरत नाही. मागे राहिलेल्यांना त्याचा काहीही उपयोग होत नाही.

मात्र बाहेरच्यांनी आमच्याबद्दलचा निर्णय किती घाईने दिला आहे याचीही उदाहरणे आहेत. आधुनिक बेस जंपिंगचे प्रवर्तक कार्ल बोनिश १९८४ साली नॉर्वेतील ट्रोलवेगेन येथे उडी मारताना मरण पावले, आणि त्यांच्या पत्नी जीन यांनी काही दिवसांतच त्याच भागात पुन्हा उडी मारली. हे ऐकून लोक थक्क होतात, काहीजण तर चिडतात. शोक कसा दिसावा याचे आपल्या मनात एक ठरलेले चित्र असते आणि त्यात न बसणाऱ्याला दगडाच्या काळजाचे ठरवणे सोपे जाते, एवढेच मी म्हणेन.

बेस जंपर म्हणजे कायदा मोडणारा, ही प्रतिमा बरीचशी परिस्थितीने घडवलेली आहे. बोनिश यांनी १९७८ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातील एल कॅपिटान कड्यावरून झालेल्या उड्या चित्रित केल्या. १९८० मध्ये उद्यानाने थोडा काळ परवाने दिले आणि लगेच बंद केले. तेव्हापासून तिथे उड्या चोरून होतात. जून १९९९ मध्ये फ्रँक गॅम्बाली एल कॅपिटानवरून उडी मारून सुखरूप उतरले, पण रक्षकांपासून पळताना मर्सेड नदीत बुडाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बंदीच्या निषेधार्थ जाहीर उड्या झाल्या. साधने जप्त होणार हे माहीत असल्याने जॅन डेव्हिस यांनी स्वतःची न वापरता उसनी, सवयीची नसलेली साधने वापरली, आणि त्यांचे पॅराशूट उघडलेच नाही. याउलट वेस्ट व्हर्जिनियातील ८७६ फूट उंचीच्या न्यू रिव्हर गॉर्ज पुलावरून दर ऑक्टोबरात एका शनिवारी उड्यांना परवानगी असते आणि हजारो प्रेक्षक टाळ्या वाजवतात. दुसऱ्याच दिवशी तीच उडी गुन्हा ठरते. स्वित्झर्लंडमधील लाउटरब्रुनेनच्या दरीत उड्या कायदेशीर आहेत, तिथे उडी मारणारे शेतकऱ्यांच्या कुरणांत उतरण्याच्या बदल्यात ठरावीक शुल्क भरतात. तरीही अपघातानंतर कड्याखालून मृतदेह आणायला जाणारी माणसे उडी मारणारी नसतात. त्या गावातल्या एखाद्याने कपाळाला आठ्या घातल्या, तर त्याला समजत नाही असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही.

विंगसूटच्या, म्हणजे हातापायांमध्ये पंखांसारखे कापड असलेल्या पोशाखातील उड्डाणांच्या, चित्रफितींनी लोकांची समजूत सर्वांत जास्त बिघडवली आहे. कड्याला जवळजवळ चाटून जाणारा माणूस दोन मिनिटांत कोट्यवधी लोक पाहतात, पण त्यामागच्या शेकडो साध्या उड्या कुणी पाहत नाही. नव्याने येणाऱ्यांवरही त्याच दृश्यांचा प्रभाव असतो, आणि अलीकडच्या बेस अपघातांत विंगसूटचा वाटा मोठा आहे. एकट्या २०१६ साली जगभरात ३० हून अधिक बेस जंपर मरण पावले.

भावाशी बोलताना ‘तुला वेड लागले आहे का’ असे विचारू नका, कारण त्यावर तो गाडीचे ते वाक्य तोंडावर फेकेल आणि संवाद तिथेच संपेल. त्याऐवजी विचारा: बेस जंपिंगचा विचार करण्याआधी किती स्कायडायव्हिंग उड्या पूर्ण करणार आहेस? जाणकार मंडळी साधारण २०० तरी मागतात. शिकवणार कोण आहे, आणि त्याने आजवर कुणाला ‘तू अजून तयार नाहीस’ म्हणून परत पाठवले आहे का? पॅराशूट उलट्या दिशेला उघडले तर पहिल्या सेकंदात तुझे हात काय करतील? आणि विमानातून उडी न मारता तू शेवटचा कधी उतरलास? या शेवटच्या प्रश्नावर त्याच्याकडे सांगण्यासारखी एकही आठवण नसेल, तर पुढचे सगळे थोडे लांबणीवर टाक, हे त्याला ठामपणे सांगायला मात्र कचरू नका.