चिनी भाषा, समाज आणि इतिहास विद्यापीठात शिकायला घेतलाय, पहिल्या वर्षी कशावर भर देऊ?

पहिले दोन महिने उच्चारांना द्या. बाकी सगळं मागून भरून काढता येतं, हे नाही.

पिनयिन म्हणजे चिनी उच्चार रोमन लिपीत लिहायची पद्धत, म्हणून ते इंग्रजीसारखं वाचलं जातं आणि तिथेच घोळ होतो. त्यातला 'बी' म्हणजे आपला प, 'पी' म्हणजे ओठ मिटून म्हटलेला फ. 'डी-टी' म्हणजे त-थ, 'जी-के' म्हणजे क-ख. हा फरक आपल्या कानाला लहानपणापासून ठाऊक आहे, त्याचा फायदा घ्या. शिवाय मराठीत दोन च आहेत: पिनयिनचा 'झेड' म्हणजे चाकातला च, 'जे' साधारण चिमणीतला. म्हणून बीजिंगचा उच्चार खरं तर पेइचिंगच्या जवळचा. वहीत उच्चार देवनागरीतच लिहा आणि प्रत्येक अक्षरावर सुराचा (आवाजाच्या चढउताराचा) आकडा घाला, 1 ते 4. सुराशिवाय पाठ केलेला शब्द पुढे दुरुस्त करणं फार जड जातं. तिसऱ्या सुराची दोन अक्षरं लागोपाठ आली की पहिलं दुसऱ्या सुरात म्हणायचं. 'नी हाओ' मध्ये हेच होतं.

लिपीला सर्रास चित्रलिपी म्हणतात, पण बहुतेक चिन्हांत एक भाग अर्थ सुचवतो, दुसरा उच्चार. घोड्याचं चिन्ह 'मा'. त्याच्या डावीकडे 'स्त्री' जोडली की आई, तीही 'मा', फक्त सूर वेगळा. रोज दहा चिन्हं हाताने लिहा, रेघांच्या ठरलेल्या क्रमाने. नुसतं मोबाइलवर टाइप केलं तर चिन्ह ओळखता येतं, लिहिता येत नाही.

इतिहासाकडे वळणार असाल तर 1956 पासून आलेली सोपी चिन्हं पुरणार नाहीत. पारंपरिक चिन्हं आणि अभिजात चिनी (जुनी लिखित भाषा) दुसऱ्या वर्षापासून घ्याच. ह्युएन त्संगने सातव्या शतकात केलेलं महाराष्ट्राचं वर्णन याच भाषेत आहे. जुन्या कागदांवरच्या तारखा राजवटीच्या वर्षात असतात: सम्राट क्वांगश्यूच्या राजवटीचं 24 वं वर्ष म्हणजे 1898, प्रजासत्ताकाचं 26 वं वर्ष म्हणजे 1937 (1911 मिळवा, शकात 78 मिळवतो तसे). पण सम्राटांच्या काळातलं वर्ष चांद्र. त्याचे अखेरचे दिवस इसवी सनाच्या पुढच्या वर्षात जातात. बेरीज करून थांबलात तर अशा तारखा वर्षभराने चुकतात.

समाजशास्त्रात 'हुकोउ' सारखे शब्द भाषांतर न करता तसेच ठेवा. 1958 च्या नियमांनी पक्की झालेली ही कुटुंबनोंदणी मुलांकडे आईवडिलांकडून येते; गावची नोंदणी असलेल्या कामगाराच्या मुलाला शहरातल्या सरकारी शाळेत प्रवेश मिळताना ती आड येते. 'रहिवासी दाखला' म्हटलं की यातलं काहीच उरत नाही.